विश्लेषण : जहाज गेले, वकिलीची सनदही गेली... राजद्रोहाच्या शिक्षेनंतर चिदंबरम पिल्लई यांचे काय झाले?

जुलै १९०८ हा महिना महाराष्ट्राला लोकमान्य टिळकांच्या राजद्रोह खटल्यामुळे माहीत आहे. २२ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि मुंबईतील गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. त्याच्या पंधरा दिवस आधी, ७ जुलै रोजी, मद्रास इलाख्यातील तिरुनेलवेली येथे टिळकांच्याच गटातील एका वकिलाला राजद्रोहासाठी शिक्षा झाली होती. ती होती ४० वर्षांची. व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई हे त्यांचे नाव. तामिळनाडूत ते व.उ.चि. म्हणून घरोघरी ओळखले जातात. ब्रिटिश कंपनीच्या विरोधात स्वदेशी आगबोटी चालवणारा माणूस ही त्यांची ख्याती. तुरुंगातून सुटल्यावर मात्र त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. वकिलीची सनद गेलेल्या वकिलाने पोट कसे भरायचे?

कोण होते चिदंबरम पिल्लई?

५ सप्टेंबर १८७२ रोजी तत्कालीन तिरुनेलवेली जिल्ह्यातील ओट्टपिडारम या गावी त्यांचा जन्म झाला. वडील उलगनाथन पिल्लई हे वकील होते. शालेय शिक्षण गावात आणि तुतिकोरिनमध्ये झाले. काही काळ त्यांनी तालुका कचेरीत कारकुनी केली. नंतर तिरुचिरापल्ली येथे कायद्याचे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये ते प्लीडरची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी ओट्टपिडारममध्ये वकिली सुरू केली.

गरीब अशिलांचे खटले घेणारा आणि पोलिसांना न घाबरणारा वकील अशी त्यांची ओळख झाली. अशा वकिलाला गावात जितके मित्र मिळतात, तितकेच कचेरीत शत्रूही. १९०० मध्ये त्यांनी मुक्काम तुतिकोरिनला हलवला. गाव बंदराचे होते. व्यापारी, दलाल, हमाल, गिरणी कामगार असे सगळे तिथे होते आणि वकिलाला कामही भरपूर होते. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशीची लाट आली, तेव्हा चिदंबरम पिल्लई हे चांगली प्रॅक्टिस असलेले, तिशी ओलांडलेले वकील होते.

वकील जहाजाच्या धंद्यात कसा आला?

तुतिकोरिन ते कोलंबो हा त्या काळचा गजबजलेला सागरी मार्ग. श्रीलंकेच्या मळ्यांवर जाणारे मजूर, तांदूळ, कापड, मसाले अशी वाहतूक रोज चाले. ती जवळपास पूर्णपणे ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन या कंपनीच्या हातात होती. माल भारतीय, प्रवासी भारतीय, पण भाडे ठरवणार ब्रिटिश कंपनी. स्वदेशी म्हणजे केवळ विलायती कापड न वापरणे असे न मानता चिदंबरम पिल्लई यांनी थेट वाहतुकीलाच हात घातला.

ऑक्टोबर १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. भांडवल ठरले १० लाख रुपये. प्रत्येकी २५ रुपयांचे ४० हजार शेअर्स काढण्यात आले. शेअर्स फक्त आशियाई लोकांनाच मिळतील, अशी अट होती. जमीनदार आणि तमिळ विद्येचे आश्रयदाते पांडितुरै तेवर हे कंपनीचे अध्यक्ष झाले. हाजी मोहम्मद बाकिर सेठ या व्यापाऱ्याने एकट्याने २ लाख रुपयांचे ८ हजार शेअर्स घेतले. हिंदू जमीनदार, मुस्लीम व्यापारी आणि २५ रुपयांचा एखादा शेअर घेणारा मध्यमवर्गीय हे सगळे एका कंपनीत भागीदार झाले.

कंपनीकडे सुरुवातीला स्वतःचे जहाज नव्हते. मुंबईतील एका कंपनीकडून आगबोटी भाड्याने घेतल्या गेल्या, पण ब्रिटिश कंपनीने दबाव आणताच त्या परत गेल्या. मग चिदंबरम पिल्लई स्वतः मुंबईला आले. जहाज घेऊनच परतेन, नाहीतर समुद्रात जीव देईन, असा निर्धार करून ते निघाले होते, असे सांगितले जाते. १९०७ मध्ये ते एस. एस. गॅलिया ही आगबोट घेऊन तुतिकोरिनला परतले. पाठोपाठ एस. एस. लावो ही दुसरी बोट आली. पहिल्या वर्गाचे ४२, दुसऱ्या वर्गाचे २४ आणि साधे १३०० प्रवासी, शिवाय ४ हजार पोती माल नेण्याची या बोटींची क्षमता होती. जहाजखरेदीच्या कामात टिळकांचीही मदत झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पुढे सुरू झाले दरयुद्ध. ब्रिटिश कंपनीने भाडे रुपयावर आणले, तर स्वदेशी कंपनीने आठ आण्यांवर. शेवटी ब्रिटिश कंपनीने प्रवास फुकट केला आणि वर प्रवाशाला छत्रीही देऊ केली, ही गोष्ट तामिळनाडूत आजही सांगितली जाते. मोठ्या कंपनीने तोटा सोसून छोट्याला बाजारातून हाकलायचे, हा प्रकार आजच्या मोबाइल आणि टॅक्सी ॲपच्या ग्राहकाला नवा वाटणार नाही.

ते जहाल गटात कसे गेले?

डिसेंबर १९०७ मध्ये सुरत येथे काँग्रेस अधिवेशनात मवाळ आणि जहाल वेगळे झाले. चिदंबरम पिल्लई तिथे हजर होते आणि टिळकांच्या बाजूने उभे राहिले. परतल्यावर दक्षिणेत जहाल विचारांचा प्रसार हे त्यांचे काम झाले. सोबतीला सुब्रमण्य शिवा हे वक्ते होते. कवी सुब्रमण्य भारती हे त्यांचे जवळचे मित्र.

फेब्रुवारी १९०८ मध्ये तुतिकोरिनच्या समुद्रकिनाऱ्यावर रोज सभा होऊ लागल्या. याच गावात ब्रिटिश मालकीची कोरल मिल ही कापड गिरणी होती. मजुरी कमी, कामाचे तास लांब, आठवड्याची सुटी नाही. २७ फेब्रुवारीला कामगार संपावर गेले. चिदंबरम पिल्लई आणि शिवा संपाच्या पुढे होते. संपकऱ्यांच्या जेवणाची, दुसऱ्या कामाची सोय गावकऱ्यांनी केली. साधारण आठवडाभरात मालकांनी माघार घेतली. मजुरीत वाढ आणि रविवारची सुटी मान्य झाली. भारतातील सुरुवातीच्या यशस्वी कामगार संपांमध्ये याची गणना होते.

गिरणीचे मालक हार्वे यांची फर्म हीच ब्रिटिश आगबोट कंपनीची तुतिकोरिनमधील एजंट होती. म्हणजे समुद्रावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे चिदंबरम पिल्लई यांनी एकाच घराण्याच्या धंद्याला धक्का दिला होता. जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने आता हा केवळ भाषणे करणारा वकील राहिला नव्हता.

नेमका गुन्हा काय आणि शिक्षा किती?

९ मार्च १९०८ रोजी बंगालचे नेते बिपिनचंद्र पाल तुरुंगातून सुटणार होते. तो दिवस साजरा करू नये, असे जिल्हाधिकारी विंच यांनी बजावले. मिरवणूक आणि सभा तरीही झाली. १२ मार्चला चिदंबरम पिल्लई, शिवा आणि त्यांचे एक सहकारी यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेली पेटले. दुकाने बंद झाली, नगरपालिका आणि टपाल कचेरी जाळण्यात आली. पोलिसांच्या गोळीबारात चार जण ठार झाले.

खटला अतिरिक्त सत्र न्यायाधीश पिन्हे यांच्यासमोर चालला. भारतीय दंड संहितेचे कलम १२४ अ, म्हणजे राजद्रोह, हा मुख्य आरोप होता. दुसरा आरोप होता शिवा यांना राजद्रोही भाषणासाठी साथ दिल्याचा. दोन्ही आरोपांसाठी २०-२० वर्षे धरून ४० वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने प्रत्यक्ष भाषण केले त्या शिवांना १० वर्षे आणि त्याला साथ देणाऱ्याला २० वर्षे, असा हा हिशेब होता. चिदंबरम पिल्लई तेव्हा ३५ वर्षांचे होते.

शिक्षेच्या या आकड्यावर ब्रिटिश अधिकारी वर्तुळातही नाराजी होती. मद्रास उच्च न्यायालयात अपील झाले आणि शिक्षा सहा वर्षांवर आली. म्हणजे टिळकांना मिळाली तेवढीच. अंदमानला न पाठवता त्यांना कोइम्बतूर आणि कण्णूर येथील तुरुंगांत सक्तमजुरीवर ठेवण्यात आले. टिळकांना मंडालेत लेखन-वाचनाची मुभा मिळाली. इथे मात्र कोइम्बतूरच्या तुरुंगात बैलाच्या जागी चिदंबरम पिल्लई यांना तेलाच्या घाण्याला जुंपण्यात आले. म्हणूनच तमिळमध्ये त्यांना घाणा ओढणारा थोर पुरुष, अशा अर्थाचे बिरुद मिळाले.

सनद जाते म्हणजे काय होते?

त्या काळी वकिलांचे वेगवेगळे वर्ग होते. लंडनच्या इन्समधून पदवी घेतलेले बॅरिस्टर, उच्च न्यायालयात काम चालवणारे वकील आणि जिल्हा-तालुका न्यायालयांत काम करणारे प्लीडर व मुखत्यार. प्लीडरला १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट लागू होता. परीक्षा दिली की कायमचा वकील, असे नव्हते. सनद दरवर्षी स्टॅम्प पेपरवर नव्याने काढावी लागे.

याच कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, एखाद्या प्लीडरला फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तो गुन्हा वकिलीला नालायक ठरवणारा चारित्र्यदोष दाखवणारा असेल, तर उच्च न्यायालय त्याला निलंबित किंवा बडतर्फ करू शकत असे. तेराव्या कलमात व्यावसायिक गैरवर्तनाची तरतूद होती. म्हणजे कोणतीही शिक्षा झाली की सनद गेलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नव्हता. आधी गुन्ह्यातून चारित्र्यदोष दिसायला हवा होता.

अडचण इथेच होती. अशिलाचे पैसे खाणारा, खोटे कागद करणारा वकील अप्रामाणिक ठरतो, यावर वाद नाही. पण सरकारविरुद्ध भाषण करणाऱ्याने अशिलाला कुठे फसवले? त्यावर ब्रिटिश व्यवस्थेचे उत्तर असे होते, की वकील हा न्यायालयाचा अधिकारी आहे, न्यायालय राजाचे आहे आणि राजाविरुद्ध अप्रीती पसरवणारा माणूस त्या न्यायालयात उभा राहू शकत नाही. चिदंबरम पिल्लई यांच्यावर अशिलांशी अप्रामाणिकपणा केल्याचा आरोप नव्हता. तरी राजद्रोहाच्या शिक्षेने त्यांची सनद गेली.

सुटकेनंतर काय झाले?

डिसेंबर १९१२ मध्ये ते सुटले. अटकेच्या वेळी हजारो लोक रस्त्यावर आले होते. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारात मोजकेच लोक होते. त्यात शिवा होते, आणि त्यांना तोपर्यंत कुष्ठरोगाने ग्रासले होते.

मधल्या काळात स्वदेशी कंपनी संपली होती. खटल्यानंतर तिचा कणाच मोडला आणि १९११ मध्ये ती गुंडाळली गेली. गॅलिया प्रतिस्पर्धी कंपनीच्याच हाती गेली. त्याच वर्षी १७ जून रोजी मणियाची स्थानकावर वांचिनाथन या तरुणाने तिरुनेलवेलीचे जिल्हाधिकारी ॲश यांची गोळी झाडून हत्या केली होती. स्वदेशी कंपनीविरुद्धच्या कारवाईच्या काळात ॲश हे तुतिकोरिनला अधिकारी होते. या हत्येनंतर जिल्ह्यात संशयाचे आणि पहाऱ्याचे वातावरण होते. चिदंबरम पिल्लई यांना स्वतःच्या जिल्ह्यात राहण्यासही मनाई झाली.

ते कुटुंबासह मद्रासला आले. अशील होते तिथे राहायला परवानगी नाही आणि राहायला परवानगी आहे तिथे वकिली करता येत नाही, अशी ही कोंडी होती. त्यांनी किराणा मालाचे, रॉकेलचे दुकान चालवून पाहिले. घरभाडे परवडेना म्हणून मद्रासमध्ये घरे बदलत राहिले. मित्रांच्या मदतीवर संसार चालला. पुण्याहून टिळकांनीही त्यांना पैसे पाठवले.

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवली होती. ते पैसे गांधीजींमार्फत मिळायचे होते. १९१५ मध्ये गांधीजी मद्रासला आले तेव्हा दोघांची भेट झाली. नंतर त्यांच्यात बरीच पत्रे गेली-आली. हिशेब आणि देणगीदारांच्या नोंदी लागेपर्यंत बराच काळ गेला आणि १९१६ मध्ये ती रक्कम चिदंबरम पिल्लई यांच्या हाती पडली. रक्कम होती सुमारे साडेतीनशे रुपये. दहा वर्षांपूर्वी १० लाख भांडवलाची कंपनी उभी करणारा माणूस त्या साडेतीनशे रुपयांसाठी पत्रे लिहीत होता.

सनद परत कशी मिळाली?

पुढे १९२० चे वर्ष उजाडले. असहकाराच्या चळवळीत चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू, राजगोपालाचारी यांच्यासारख्या नामवंतांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकून आपली भरभराटीची वकिली सोडली. देशभर त्यांचा गौरव झाला. चिदंबरम पिल्लई मात्र त्या वेळी सनदेविना होते. त्यागण्यासारखी वकिलीच त्यांच्याकडे उरली नव्हती. कलकत्ता अधिवेशनाला ते गेले, पण असहकाराचा कार्यक्रम त्यांना पटला नाही आणि ते काँग्रेसपासून दूर झाले. टिळकांचे निधन त्याच वर्षी १ ऑगस्टला झाले होते. ज्या राजकारणात ते घडले, त्याचा आधारच गेला होता.

अखेर त्यांनी सनद परत मिळावी म्हणून अर्ज केला. ई. एच. वॉलेस या ब्रिटिश न्यायाधीशांनी ती परत मिळवून दिली. ज्या व्यवस्थेने त्यांना घाण्याला जुंपले, तिच्याच एका अधिकाऱ्याने त्यांच्या पोटाचा प्रश्न सोडवला. चिदंबरम पिल्लई हे उपकार विसरले नाहीत. त्यांनी धाकट्या मुलाचे नाव ठेवले वालेस्वरन. वॉलेस हे इंग्रजी आडनाव आणि ईश्वरन हा तमिळ प्रत्यय यांचा हा मेळ. ब्रिटिशांविरुद्ध आयुष्य पणाला लावलेल्या माणसाच्या घरात एका ब्रिटिश न्यायाधीशाचे नाव असे राहिले.

सनद मिळाल्यावर त्यांनी कोविलपट्टी येथे वकिली केली आणि १९३० च्या दशकात ते तुतिकोरिनला परतले. पण पूर्वीची घडी बसली नाही. पन्नाशीतला वकील, मध्ये गेलेली वर्षे आणि सभोवती नव्या पिढीचे वकील. शेवटपर्यंत कर्ज सुटले नाही.

हाताशी राहिलेले दुसरे काम होते लेखन. तुरुंगात असताना त्यांनी जेम्स ॲलन या इंग्रजी लेखकाच्या पुस्तकांचे तमिळ अनुवाद सुरू केले होते. आत्मचरित्र त्यांनी पद्यात लिहिले. तिरुक्कुरळवर भाष्य लिहिले, तोलकाप्पियम या प्राचीन व्याकरणग्रंथावरील जुनी टीका संपादित केली. १९३३-३४ मध्ये कोलंबोहून निघणाऱ्या वीरकेसरी या तमिळ दैनिकात त्यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र क्रमशः लिहिले. ज्या कोलंबोला त्यांच्या आगबोटी जात, तिथल्या वाचकांना त्यांनी आता पुण्याच्या पुढाऱ्याची गोष्ट सांगितली.

१८ नोव्हेंबर १९३६ रोजी तुतिकोरिनमध्ये त्यांचे निधन झाले. शेवटचा श्वास काँग्रेसच्या कार्यालयात घ्यावा, ही त्यांची इच्छा होती आणि तसेच झाले.

अशी कारवाई आणखी कोणावर झाली?

चिदंबरम पिल्लई हे एकटे नव्हते. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांना लंडनच्या इनर टेंपलने १९०९ मध्ये वृत्तपत्रातील त्यांच्या पत्रांवरून बॅरिस्टरच्या यादीतून काढले. त्यांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केलेली नव्हती. त्याच वर्षी ग्रेज इनने परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वि. दा. सावरकर यांना बॅरिस्टरची सनद देण्यास नकार दिला. महात्मा गांधी यांना मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत कलम १२४ अ खाली सहा वर्षांची शिक्षा झाली. ती ठरवताना न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचाच दाखला दिला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये इनर टेंपलने गांधीजींचे नाव यादीतून काढून टाकले. ते १९८८ मध्ये, तर श्यामजींचे २०१५ मध्ये पुन्हा लावले गेले. या दोघांच्या बाबतीत चूक मान्य करायला संस्थेला अनुक्रमे ६६ आणि १०६ वर्षे लागली. चिदंबरम पिल्लई यांना निदान हयातीत सनद परत मिळाली.

आज नियम काय आहे?

स्वतंत्र भारतात वकिलांना १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट लागू आहे. त्यातील कलम २४ अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीची वकील म्हणून नोंदणी होऊ शकत नाही. मात्र सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ही अपात्रता संपते. नोंदणी झालेल्या वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी कलम ३५ नुसार राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती करते. ताकीद, ठरावीक काळासाठी निलंबन किंवा यादीतून नाव काढणे, असे पर्याय तिच्यापुढे असतात. म्हणजे सनदेचा निर्णय पहिल्या पातळीवर आता वकिलांच्याच संस्थेकडे आहे.

नैतिक अधःपतन म्हणजे नेमके काय, याची व्याख्या मात्र या कायद्यात नाही. ते प्रत्येक प्रकरणात ठरवावे लागते. १८७९ च्या कायद्यातील चारित्र्यदोष या शब्दाने जो प्रश्न उभा केला होता, तो त्यामुळे पूर्ण मिटलेला नाही. ज्या राजद्रोहाच्या कलमाने चिदंबरम पिल्लई यांची सनद घेतली, त्याला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी तिथे कलम १५२ आहे.

तुतिकोरिनच्या बंदराला २०११ मध्ये व्ही. ओ. चिदंबरनार यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यावरील तमिळ चित्रपटात १९६१ मध्ये शिवाजी गणेशन यांनी त्यांची भूमिका केली. १९७२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघाले. जो घाणा त्यांनी ओढला, तो कोइम्बतूरच्या मध्यवर्ती कारागृहात जपून ठेवला आहे.